भोंगा गप्प का? ५५५ टायमरच्या अलार्म सर्किटमधला बिघाड शोधताना

शनिवारी मुंबईत ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांतून दोन ५५५ टायमर चिप, मूठभर रेझिस्टर आणि एक छोटा स्पीकर आणायचा, रात्री जेवणं उरकली की ब्रेडबोर्डवर, म्हणजे सोल्डर न करता सर्किट जोडायच्या भोकांच्या पाटीवर, सगळं मांडायचं, बॅटरी लावायची आणि कान टवकारायचे. आवाज येत नाही. साधा 'टक'सुद्धा नाही. पहिलं अलार्म सर्किट बहुतेकांचं असंच मुकं निघतं. अशा वेळी हात आपोआप वायरी उपटायला जातो. सगळं काढू, पुन्हा नीट जोडू, असं वाटतं.

तेवढं करू नका. सर्किट मोडलं की चूक कुठे होती तेही पुसलं जातं, आणि दुसऱ्यांदा जोडताना तीच चूक तोच हात पुन्हा करतो. गप्प बसलेलं सर्किट जसं आहे तसं समोर ठेवा. व्होल्ट-ओहम मोजणारा साधा मल्टिमीटर आणि अर्धा तास हाताशी असेल तर ते स्वतःचं दुखणं सांगतं. कुठे आणि काय विचारायचं, ते पुढे क्रमाने लिहिलं आहे. आमच्या इमारतीतल्या मुलांच्या शाळेच्या प्रकल्पांसाठी हे सर्किट मी इतक्यांदा बांधलं आणि दुरुस्त केलं आहे, की यातल्या जवळजवळ प्रत्येक चुकीशी माझी ओळख झाली आहे.

आधी सर्किट डोळ्यांसमोर आणा

आपण दोन सुरांत वाजणारा अलार्म घेऊ. यात ५५५ दोन असतात. पहिला संथ: साधारण सेकंदाला एकदा चालू-बंद होतो. दुसरा वेगवान: सेकंदाला सुमारे हजार वेळा, म्हणून तो कानाला सूर वाटतो. संथ टायमर वेगवान टायमरच्या पाचव्या पिनला, म्हणजे चिपच्या पाचव्या पायाला, धक्के देतो आणि सूर वर-खाली होतो.

मी मुद्दाम दोन्हीकडे सारखेच रेझिस्टर वापरतो. पिन ८ आणि पिन ७ यांच्यामध्ये १० किलोओहम, दुकानात ज्याला 'दहा के' म्हणतात. पिन ७ आणि पिन ६ यांच्यामध्ये ६८ के. पिन २ आणि ६ एकमेकांना जोडलेल्या, तिथून कंडेन्सर जमिनीला, म्हणजे बॅटरीच्या वजा टोकाला. पिन ४ आणि ८ अधिकला, पिन १ वजाला. फरक फक्त कंडेन्सरचा: संथ टायमरला १० मायक्रोफॅरड, वेगवानला १० नॅनोफॅरड. बरोबर हजार पट फरक.

हिशेब असा. पहिल्या रेझिस्टरमध्ये दुसऱ्याची दुप्पट मिळवा, कंडेन्सरने गुणा आणि १.४४ ला त्या गुणाकाराने भागा. १० अधिक १३६ म्हणजे १४६ के. १० मायक्रोफॅरडने गुणलं की १.४६, आणि १.४४ भागिले १.४६ म्हणजे ०.९९. सेकंदाला जवळपास एक फेरा. कंडेन्सर हजार पट लहान केला की ९८६ फेरे. हे दोन आकडे कागदावर लिहून ठेवा, सगळा तपास त्यांच्याभोवती फिरणार आहे.

उरलेली जोडणी अशी: संथ टायमरच्या पिन ३ वरून एक १० के दुसऱ्याच्या पिन ५ ला. संथच्या पिन ३ वरच १ के मधून एक एलईडी जमिनीला. संथच्या स्वतःच्या पिन ५ वरून १० नॅनोफॅरडचा कंडेन्सर जमिनीला. वेगवानच्या पिन ३ वरून ४७ ओहम, मग ४७ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर, त्याचं अधिक टोक आयसीकडे, म्हणजे ५५५ चिपकडे, आणि मग ८ ओहमचा स्पीकर जमिनीला. बॅटरी ९ व्होल्ट. प्रत्येक आयसीच्या शेजारी ८ आणि १ यांच्यात ०.१ मायक्रोफॅरड, आणि पुरवठ्यावर एक १०० मायक्रोफॅरड. शेवटचे दोन्ही कंडेन्सर नवखे हमखास गाळतात, कारण सर्किटच्या नकाशात ते बिनकामाचे दिसतात. ते बिनकामाचे नाहीत, खाली त्यांच्याकडे येऊ.

आणि एक गोष्ट पोटातली. या आयसीच्या आत ५ के चे तीन रेझिस्टर एकामागोमाग आहेत, त्यामुळे पुरवठ्याचे तीन समान भाग होतात. कंडेन्सर भरत भरत दोन तृतीयांशावर पोचला की आउटपुट, म्हणजे पिन ३, खाली शून्याजवळ जातं आणि पिन ७ कंडेन्सर रिकामा करायला लागते. तो एक तृतीयांशावर उतरला की आउटपुट पुन्हा वर. ९ व्होल्टवर हे आकडे ६ आणि ३. हान्स कॅमेन्झिंड यांनी १९७१ मध्ये सिग्नेटिक्स कंपनीसाठी ही चिप आखली, १९७२ मध्ये ती बाजारात आली, आणि आजही तिची मांडणी तीच आहे. म्हणून जुन्या छापील नकाशावरून जोडलेलं सर्किटही आजच्या आयसीवर चालतं.

बॅटरी काढा आणि नुसतं बघा

मीटर हातात घेण्याआधी पाच मिनिटं डोळ्यांनी. आयसीच्या एका टोकाला अर्धगोल खाच असते किंवा एका कोपऱ्यात ठिपका. खाच डावीकडे धरली तर खालच्या रांगेतली सर्वांत डावीकडची पिन १. तिथून उजवीकडे २, ३, ४, आणि वरच्या रांगेत उजवीकडून डावीकडे ५, ६, ७, ८. वरची रांग डावीकडून मोजण्याची चूक फार होते. तसं मोजलं की ८ ची वायर ५ वर जाते.

आयसी ब्रेडबोर्डच्या मधल्या खाचेच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून बसलेला हवा, दोन्हीकडच्या पिना वेगळ्या पट्ट्यांत. नव्या आयसीचे पाय थोडे फाकलेले असतात. दाबून बसवताना एखादा पाय भोकात न जाता पोटाखाली दुमडतो आणि वरून सगळं छान दिसतं. मोबाइलच्या टॉर्चने आडव्या नजरेने बघा, आठही पाय मोजा.

ब्रेडबोर्डच्या कडेच्या लांब लाल-निळ्या पट्ट्या काही बोर्डांवर मध्येच तुटलेल्या असतात. छापलेली रेघसुद्धा तिथे खंडित दिसते. पहिला आयसी डाव्या अर्ध्यात, दुसरा उजव्या अर्ध्यात, आणि मध्ये जोडवायर नाही, की दुसऱ्याला वीजच मिळत नाही. एलईडी छान लुकलुकतो आणि स्पीकर गप्प, अशी तक्रार आली की मी सर्वांत आधी हीच जागा बघतो.

रेझिस्टरचे रंग दिवसाच्या उजेडात वाचा. १० के म्हणजे तपकिरी, काळा, नारिंगी. ६८ के म्हणजे निळा, राखाडी, नारिंगी. पिवळट बल्बखाली लाल आणि नारिंगी एकसारखे दिसतात, आणि ६८ के च्या जागी ६.८ के गेला तर सूर ९८६ वरून थेट ६,१०० च्या घरात उडतो. पाच पट्ट्यांचे निळ्या रंगाचे रेझिस्टर मिळाले असतील तर तिथे १० के ची ओळख तपकिरी, काळा, काळा, लाल, तपकिरी अशी असते आणि ते उलट्या टोकाकडून वाचलं जाणं सहज शक्य आहे. शंका आली तर बोर्डवर बसवण्याआधी मीटरने मोजा. बसवल्यावर मोजाल तर बाकीच्या वाटाही आकड्यात मिसळतात.

कंडेन्सरवर १०३ छापलं असेल तर ते १० नॅनोफॅरड, १०४ म्हणजे १००, १०२ म्हणजे १. दहा पुड्यांत एखादा चुकीचा येतोच. तो कानाने ओळखता येतो: १०४ लागला तर अलार्मऐवजी जुन्या स्कूटरसारखी घरघर, १०२ लागला तर डासासारखा बारीक, कानात घुसणारा आवाज. मोठ्या डबीसारख्या कंडेन्सरच्या अंगावर वजाची पट्टी असते, ती जमिनीकडे.

वीज पोचते का, आणि वाजताना टिकते का

मीटर लावताना लाल प्रोब, म्हणजे टोकदार वायर, व्होल्ट मोजायच्या भोकातच आहे ना, ते आधी बघा. तो १० अँपिअरच्या भोकात राहिला आणि तुम्ही बॅटरीवर व्होल्टेज मोजायला गेलात, तर मीटरने बॅटरी शॉर्ट केली असं समजा.

काळा प्रोब पिन १ च्या पायाला, लाल पिन ८ च्या पायाला. बोर्डच्या पट्टीवर किंवा बॅटरीच्या टोकांवर टेकवून भागत नाही, आयसीच्या धातूच्या पायालाच टेकवा. बॅटरीवर ९ आणि पायावर शून्य असेल तर गुन्हेगार मधली एखादी वायर. दोन्ही आयसींवर हेच करा.

आता स्पीकर जोडलेला ठेवून पुन्हा मोजा. चौकोनी ९ व्होल्टच्या साध्या बॅटरीत दम कमी असतो. नुसती मोजली तर ८.८ दाखवते, स्पीकर ओढायला लागला की साडेसहावर बसते. एनई५५५ ला ४.५ ते १६ व्होल्ट चालतात, पण बसलेल्या बॅटरीवर आवाज गुरगुरतो, सूर घसरतो आणि संथ टायमर अडखळतो. वाजताना आकडा सातच्या खाली जात असेल तर आधी बॅटरी बदला, बाकीचं नंतर. मोबाइलच्या ५ व्होल्टच्या चार्जरवर चालवलंत तरी हरकत नाही. फक्त खाली दिलेले व्होल्टचे आकडे साधारण त्याच प्रमाणात कमी येतील.

मुंबईत आणखी एक भानगड आहे ती हवेची. जुलै-ऑगस्टमध्ये खिडकीजवळ पडून राहिलेल्या ब्रेडबोर्डच्या आतल्या पट्ट्यांवर आणि आयसीच्या पायांवर काळपट थर येतो. दाबलं की चालतं, सोडलं की बंद. आयसी हलक्या हाताने उचकटून पाय खोडरबराने पुसा, दोन-तीनदा आत-बाहेर करा. बोर्डचं ते भोकच सैल झालं असेल तर चार भोकं सरकवून बसवा.

आता संथ टायमर एकटा

दोन्ही टायमर जोडणारा १० के उपसा. फक्त त्याचं एक टोक मोकळं करायचं आहे, बाकी काही हलवायचं नाही. आता दोन स्वतंत्र सर्किटं झाली आणि बिघाड एकाच बाजूला असेल तर अर्धं शोधकाम संपलं.

एलईडी बघा. साधारण अर्धा सेकंद चालू, अर्धा बंद, चालूचा काळ किंचित जास्त. बॅटरी लावल्यावरची पहिली लुकलुक लांबते, कारण कंडेन्सर शून्यापासून भरतो. तो दोष नाही. लुकलुक चालू असेल तर हा टायमर बरा आहे, पुढच्या भागाकडे जा.

लुकलुक नसेल तर दोन जागा मोजायच्या: पिन ३, आणि २-६ चा जोड. इथे डिजिटल मीटर हवा. जुन्या काट्याच्या मीटरमधून स्वतःचाच प्रवाह वाहतो आणि ६८ के च्या वाटेवर तो कंडेन्सरला नीट भरूही देत नाही, म्हणजे तपासणीच बिघाड होऊन बसते.

पिन ३ खाली, जवळपास शून्य, आणि २-६ सुद्धा शून्याजवळ: पिन ४ बघा. ही रीसेटची पिन, ती वजाला लागली तर आयसी आउटपुट खाली दाबून धरतो आणि कंडेन्सर रिकामाच ठेवतो. ती मोकळी लोंबत असेल तर प्रकार आणखी चमत्कारिक होतो: बोर्डजवळ हात नेला की सर्किट थांबतं किंवा सुरू होतं. माणसाच्या चाहुलीने वाजणारा अलार्म सापडला असं वाटून मुलं खूश होतात. पिन ४ सरळ ८ ला जोडा.

पिन ३ खाली, पण २-६ वर जवळपास पूर्ण ९: कंडेन्सर भरला, आयसीने ओळखलंही, पण रिकामा करायची वाट नाही. पिन ७ ची वायर एखाद्या भोकाने चुकलेली असते.

पिन ३ चं व्होल्टेज वरच, एलईडी अखंड पेटलेला, आणि २-६ शून्याजवळ: कंडेन्सरपर्यंत वीज पोचतच नाही. १० के किंवा ६८ के पैकी एक सुटलेला, नाहीतर कंडेन्सर आतून शॉर्ट.

एलईडी पेटलेला आणि कंडेन्सरवर पूर्ण ९: पिन ६ जोडात नाही, फक्त २ आहे. आयसीला 'पुरे' हा निरोप पोचत नाही.

एलईडी पेटत नाही पण पिन ३ वर मीटरचा आकडा शून्य ते साडेसात असा नाचतोय, तर एलईडी उलटा लावलाय. तो लहान पाय जमिनीकडे हवा.

राहिला तो प्रकार जो मला सर्वांत जास्त शिकवून गेला. माझ्या भाचीच्या विज्ञान प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी एलईडी पेटून बसला. पिन ३ वर साडेसात, ठीक. २-६ वर ४.७ व्होल्ट, आणि तिथेच. पाच मिनिटांनीही ४.७. जोडणी दहा वेळा तपासली, नकाशाशी तंतोतंत. मग हिशेब केला. कंडेन्सर ६ व्होल्टला पोचायच्या बेताला असतो तेव्हा ७८ के मधून त्याला फक्त ३ व्होल्टचा जोर उरतो, म्हणजे जेमतेम ३८ मायक्रोअँपिअर. कंडेन्सर स्वतःच आतून त्याहून जास्त गळत असेल तर ६ कधी येणारच नाही. तो कंडेन्सर एका जुन्या रेडिओच्या बोर्डवरून काढलेला होता. नवा लावला आणि पहिल्याच क्षणी लुकलुक सुरू झाली. तेव्हापासून वेळ मोजायच्या जागी मी जुना कंडेन्सर लावत नाही. पुरवठ्यावर एकवेळ चालेल, इथे नाही.

वेगवान टायमर: आवाजाला डोळ्यांसमोर आणा

सेकंदाला हजार फेरे डोळ्यांना दिसत नाहीत, आणि स्पीकर बोलत नसेल तर कानांनाही कळत नाहीत. अशा लहरी पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप घरात नाही. मग एक सोपी युक्ती: वेगवान टायमरच्या २-६ आणि जमिनीमध्ये, आहे त्या १० नॅनोफॅरडच्या शेजारी, एक १० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर टोचा. काहीही काढायचं नाही. आता हासुद्धा सेकंदाला एकदाच फिरतो. पिन ३ वर १ के मधून एलईडी लावा आणि बघा.

लुकलुकला तर आयसी, दोन्ही रेझिस्टर आणि पिनांची जोडणी बरोबर आहे, एका झटक्यात सिद्ध झालं. मग शंका उरते ती मूळ १०३ वर आणि पिन ३ च्या पुढच्या भागावर. लुकलुकला नाही तर संथ टायमरसाठी लिहिलेली सगळी लक्षणं इथे तशीच्या तशी लागू, पिन मोजा आणि वर वाचा. मला ही युक्ती फार आवडते. नवख्याला चालू असलेलं काम डोळ्यांनी दिसतं आणि त्याची भीती मोडते.

टोचलेला कंडेन्सर काढला की पूर्ण वेगात पिन ३ वर डीसी व्होल्ट मोजा. मीटर इतक्या वेगाने धावू शकत नाही, तो सरासरी दाखवतो. वर साडेसात, खाली शून्य, वरचा वेळ थोडा जास्त, म्हणजे चारच्या आसपास. चार दिसलं तर आयसी ओरडतोय, फक्त आवाज बाहेर पोचत नाही. शून्य किंवा साडेसात स्थिर दिसलं तर तो थांबलेला आहे.

कधीकधी स्पीकरमधून सेकंदाला दोनदा 'टक… टक' एवढंच येतं. त्याचा अर्थ दोन कंडेन्सरांची अदलाबदल: हजार फेऱ्यांचं काम संथवाल्याकडे गेलं आणि त्याचं काम इकडे आलं. रेझिस्टर दोन्हीकडे सारखे असल्यामुळे बाकी सगळं बरोबर दिसतं.

स्पीकर की बझर

स्पीकरची परीक्षा पेन्सिल सेलने करा. दीड व्होल्टच्या सेलची दोन टोकं स्पीकरला क्षणभर टेकवा, 'टक' आला की तो जिवंत. मीटरने ओहम मोजलात तर ८ ओहमचा स्पीकर त्याहून थोडा कमी आकडा दाखवतो, ते बरोबरच आहे.

८ ओहमचा स्पीकर पिन ३ आणि जमिनीमध्ये थेट लावू नका. एनई५५५ ची झेप २०० मिलिअँपिअरपर्यंत. थेट लावला की प्रत्येक फेऱ्यात आयसी त्याच्या मर्यादेवर ढकलला जातो, तापतो, बॅटरी बसते. ४७ ओहम आणि कंडेन्सर यासाठीच आहेत. आवाज कमी वाटला तर ४७ ओहम काढून टाकण्याऐवजी मध्ये एक ट्रान्झिस्टर घालायचा, तो पुढचा धडा.

दुकानात 'बझर द्या' म्हटलं की दोन अगदी सारख्या दिसणाऱ्या वस्तूंपैकी कुठलीही मिळू शकते. एकाच्या पोटात स्वतःचं सर्किट असतं, त्याला नुसती वीज दिली की तो स्वतःच्या सुरात ओरडतो. दुसरा मुका असतो, तुम्ही द्याल तो सूर वाजवतो. आपल्याला दुसरा हवा. पहिला लावला तर सूर खाली-वर होत नाही, नुसता खरखरीत, चिरका गोंगाट येतो आणि माणूस तासभर पाचवी पिन तपासत बसतो. ओळख सोपी: बॅटरीला सरळ लावा. अखंड वाजला तर पोटात सर्किट आहे, एकदाच टचकन् वाजून गप्प झाला तर आपल्या कामाचा. मात्र हे बझर सेकंदाला दोन ते चार हजार फेऱ्यांच्या सुरात मोठ्याने वाजतात, आपल्या हजाराला त्यांचा आवाज बारीक लागतो. पहिल्या सर्किटसाठी कागदी पडद्याचा छोटा स्पीकरच घ्या.

एकदा एका दुकानातून मला एनई५५५ मागितल्यावर सीमॉस जातीचा ५५५ मिळाला. पिना त्याच, जोडणी तीच, एलईडी छान लुकलुकला, पण स्पीकर जेमतेम कुजबुजला. ही जात बॅटरी फार कमी खाते, म्हणून घड्याळासारख्या कामाला उत्तम, पण पिन ३ वरून बाहेर ढकलायचा तिचा प्रवाह अगदी थोडा. आयसीच्या पाठीवरची अक्षरं वाचा. ७५५५, टीएलसी५५५ किंवा एलएमसी५५५ असेल तर सर्किटमध्ये चूक शोधू नका.

दोन्हींचा जोड

संथ लुकलुकतोय, वेगवान एकसुरी वाजतोय. आता मघाचा १० के परत लावा. सूर वर-खाली व्हायला हवा. होत नसेल तर मीटर वेगवानच्या पिन ५ वर.

जोड मोकळा असताना तिथे पुरवठ्याच्या दोन तृतीयांश, म्हणजे ६ व्होल्ट दिसतात. जोड लावल्यावर संथ टायमर खाली असताना सुमारे ४.५ आणि वर असताना ६.४ च्या आसपास, असा आकडा एलईडीच्या तालावर हलतो. एलईडी विझलेला असताना सूर उंच, साधारण १,२७०. पेटलेला असताना खालचा, ९०० च्या जरा वर. हे उलटं वाटतं, पण पिन ५ खाली ओढली की कंडेन्सरला कमी चढायचं असतं, तो लवकर फेरा पुरा करतो.

६ वर स्थिर राहिला तर १० के चं एक टोक कुठेच लागलेलं नाही, किंवा पिना उलट्या मोजल्यामुळे ते ८ वर नाहीतर ६ वर गेलंय. ४.५ वर स्थिर राहिला तर १० के जमिनीला लागलाय, किंवा संथ टायमर मघाच्या तपासणीनंतर थांबलाय.

एकेकटे दोन्ही चालतात आणि जोडल्यावर बिथरतात, एलईडीचा ताल तुटतो, मध्येच दोनदा पटकन लुकलुकतो, असं झालं तर सुरुवातीला सांगितलेले ०.१ आणि १०० मायक्रोफॅरड आठवा. एनई५५५ आउटपुट बदलतो त्या क्षणी पुरवठ्यातून जोराचा लचका तोडतो. वेगवान टायमर हे सेकंदाला हजारो वेळा करतो आणि त्या प्रत्येक खड्ड्यात संथ टायमरच्या ६ आणि ३ च्या रेषा हलतात. ०.१ चा कंडेन्सर आयसीला चिकटून हवा, बोर्डच्या दुसऱ्या टोकाला लावून उपयोग नाही.

इथवर आलात तर एक बक्षीस घ्या. वेगवानच्या पिन ५ वरून जमिनीला १०० मायक्रोफॅरड लावा, अधिक टोक पिनकडे. सूर टणकन उडी मारण्याऐवजी हळूहळू चढतो आणि उतरतो. लालबाग-परळच्या ज्या पिढीने गिरणीचा भोंगा ऐकला आहे, त्यांना तो चढता सूर ओळखीचा वाटेल. आमच्या मजल्यावरच्या एका आजींनी तो ऐकून 'पहिली पाळी' असं म्हटलं होतं.

वाजायला लागल्यावर

लगेच सोल्डर करायला घेऊ नका. पाच मिनिटं वाजू द्या, रात्र असेल तर स्पीकरवर उशी ठेवा, चाळीत भिंती पातळ असतात. मग आयसीच्या पाठीवर बोट टेकवा. कोमट चालेल. बोट ठेववत नसेल तर बॅटरी ताबडतोब काढा: स्पीकरच्या वाटेतला ४७ ओहम चुकून ४.७ तर नाही ना, किंवा ४७ मायक्रोफॅरड उलटा लागून गळत तर नाही ना, ते बघा.

आणि सर्किट चालू असतानाच, स्पीकर वाजत असताना, दोन्ही आयसींच्या आठही पिनांवरचं व्होल्टेज एका कार्डावर उतरवून घ्या. हलणाऱ्या पिनेसमोर दोन्ही टोकांचे आकडे लिहा. वेगवानची पिन ५ विसरू नका. ते कार्ड डब्यात सर्किटबरोबरच ठेवा. उद्या पीसीबीवर, म्हणजे छापील सर्किट बोर्डवर, सोल्डर केल्यावर ते बोललं नाही, तर पहिला प्रोब टेकवायच्या आधी कार्ड बाहेर काढा आणि पिन ८ पासून सुरुवात करा.